शेजारणीनं घेतलेलं नाव

वर्धा,
रविवार, २३ ऑक्टोबर १९८३

प्रिय मीराताई,

नमस्कार. दसऱ्याचं सोनं या पत्रातूनच घ्या. तुमचं पत्र पोचलं. मामाजींचा खोकला बराच कमी आहे. लेकीनं पाठवलेलं ज्येष्ठमध ते चघळत मात्र नाहीत, खिशात घेऊन हिंडतात. सेलूच्या शेतातला कापूस फुटायला लागलाय, पहिला वेचा दिवाळीच्या आत घरी येईल म्हणतात. गोंदियाला तुम्ही सगळे कसे आहात? भाऊजींची पाठ अजून धरते का?

यंदाही सासरची मंडळी सोडत नाहीत, भाऊबीजेला वर्ध्याला यायला जमणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. ठीक आहे.

आणि शेवटी विचारलंय, "वहिनी, झालात का एकदाच्या मॅडम?"

नाही झाले. नापास झाले. लेखी परीक्षेत पास झाले आणि वर्ग घेण्याच्या परीक्षेत आपटले. हे एवढं लिहायला तीन दिवस लागले मला, आणि अजून रागातच लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नका.

मी नेमकं काय शिकत होते, हे इथं कुणाला कळतच नाही. शेजारच्या काकू विचारतात, "एम. ए. झाली ना तू, मंग आता एबीसीडी काऊन शिकून राह्यली?" त्यांना दहादा सांगितलं. इंग्रजी यायला लागणं वेगळं, आणि ज्यांची भाषा दुसरी आहे अशा मोठ्या माणसांना कामापुरतं इंग्रजी बोलायला शिकवणं वेगळं. त्याचा डिप्लोमा आहे. धडे हैदराबादहून टपालानं येतात, उन्हाळ्यात महिनाभर तिथं जाऊन राहावं लागतं, आणि शेवटी परीक्षक येऊन तुमचा वर्ग बघतात. मे महिन्यात मी गेले होते ना, तेव्हा तुम्हाला वाटलं होतं मी माहेरी रुसून बसलेय. मी हैदराबादच्या त्या वसतिगृहात तव्यासारख्या तापलेल्या गच्चीवर झोपत होते.

इथल्या नर्सिंगच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघणार आहे. सोबत राहायला दोन खोल्या. डिप्लोमा असेल तरच अर्ज घेणार. मला त्या दोन खोल्या हव्या आहेत, ताई. हावरटासारख्या हव्या आहेत. का, ते पुढे लिहीन. जमलं तर.

वर्गासाठी मोठी माणसं कुठून आणायची, तर दवाखान्यातल्या आया मिळाल्या. दुपारची पाळी सुटली की येतात. बहुतेक इकडच्याच, दोघी बल्लारशाकडच्या तेलुगू, एक छत्तीसगढी. तिथे डॉक्टरीण केरळची, पेशंट आर्वीची, आणि मधे या बाया. डॉक्टरीण काय म्हणते ते कळलं नाही की शिव्या यांनाच. म्हणून मन लावून शिकतात. हात फिनेलनं पांढरे पडलेले, तरी पेन्सिल अशी धरतात की मोडेल की काय वाटतं.

नियम असा की वर्गात मराठीचा शब्द काढायचा नाही, आणि धडा शिकणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातला हवा. पाण्याचा धडा झाला, बाजाराचा झाला, आणि मग आला कुटुंबाचा. मी विचारायचं, "व्हॉट इज युअर हजबंड्स नेम?" प्रत्येकीनं उत्तर द्यायचं.

सगळ्या वहीत तोंड खुपसून बसल्या. आनंदाबाईनं तर पदरच तोंडात कोंबला. आनंदाबाई म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात धीट, बाळंतिणींच्या वॉर्डात आहे, डॉक्टरांनाही दटावते. मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, मराठीत इतकी वर्सं नाई घेतलं, अंग्रेजीत काऊन घिऊ?"

मी हैदराबादला कळवलं की इकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, दुसरा धडा चालेल का? उत्तर आलं, पाठ्यक्रमात बदल होणार नाही. असा संताप आला मला! तेच म्हणतात ना, शिकणाऱ्याचं आयुष्य घ्या म्हणून? मग हेच आहे त्यांचं आयुष्य.

मग एक दिवस दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीशी उभी होते. तुम्ही पाहिलंच असेल, तिथला बाबू बाईला नवऱ्याचं नाव विचारतो, बाई मान वळवून मागे बघते, आणि मागची बाई नाव सांगते. ओळखीची असेल तर आपण होऊन, नसेल तर कानात पुसून. कुणाचं काही अडत नाही. मी म्हटलं, हेच वर्गात करू. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या कौशल्याबाईला विचारलं आणि तिच्या शेजारणीकडे, आनंदाबाईकडे बोट केलं. ती लगेच म्हणाली, "हर हजबंड्स नेम इज रूपराव." कौशल्याबाई लाजून लाल. मग काय, एकमेकींच्या नवऱ्यांची नावं घ्यायला चढाओढ लागली. कोण काय करतो, कोण किती खातो, कोण घोरतो, सगळं इंग्रजीत. ताई, तुम्ही तो वर्ग पाहायला हवा होता. मला स्वतःचा असा अभिमान वाटला की घरी येऊन मामाजींना शिरा करून घातला.

परीक्षक गुरुवारी आल्या. कुरियनबाई, मलयाळी, पांढरी सुती साडी, बोलणं मोजकं. मागच्या बाकावर बसल्या. मी तोच धडा घेतला. आयांनी मैदान मारलं. कुरियनबाईंनी वहीत लिहिणं सोडून दिलं आणि हसत बघत बसल्या. मी मनात त्या दोन खोल्यांना पडदे लावून मोकळी झाले.

शेवटी त्या म्हणाल्या, आता टीचरला नाही का विचारणार?

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. कौशल्याबाई उठली आणि तिनं मला विचारलं. एकही चूक न करता विचारलं. मी खडू धरून उभी. वाक्य मीच शिकवलेलं. तोंड उघडेना.

वर्गाला वाटलं, बाई लाजल्या. एकदम खुश झाल्या सगळ्या, बाई पण आपल्यासारखीच म्हणून. मग आनंदाबाई उठली. माझ्या पूर्ण नावाची पाटी वर्गाच्या दारावरच आहे, मधलं नाव तिनं तिथून उचललेलं. छाती पुढे काढून ती म्हणाली, "हर हजबंड्स नेम इज..." आणि तुमच्या भावाचं नाव घेतलं. तेवढ्यावर थांबली नाही. "ही इज बिग ऑफिसर. ही इज इन भिलाई. ही कम्स दिवाळी."

टाळ्या पडल्या. कुरियनबाईंनीसुद्धा वाजवल्या.

हे तिला कुणी सांगितलं होतं? मीच. गळ्यातलं मंगळसूत्र बघून तिनं विचारलं होतं तेव्हा, आणि मागच्या दिवाळीलाही. शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला, सगळ्यांना मी हेच सांगते. मी वर्ग सोडून बाहेर आले. व्हरांड्यातल्या नळाशी तोंड धुत राहिले आणि आत परत गेलेच नाही. पाठ अर्धवट सोडला, म्हणून नापास. चूक कुरियनबाईंची नाही.

आनंदाबाई मागे आली. "बाई, माह्यं काही चुकलं काय? नाव तं बराबर घेतलं मी."

"बरोबर घेतलंस," म्हटलं.

आता ते पुढे लिहीन म्हटलं होतं, ते. मामाजींना काल सांगितलं, नापास का झाले ते. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मीरेले लिहून टाक. मले बी मालूम हाय, तुले बी मालूम हाय, तिले बी मालूम हाय. मंग हे नाटक कोणासाठी चालू हाय?"

म्हणून लिहिते. तुम्ही भाऊबीजेला कुठं जाता हे मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी केळझरच्या गणपतीला भाऊजींची चुलत बहीण भेटली. तिला वाटलं मला सगळं माहीत असेलच. कौतुकानं सांगत होती, मीरानं भिलाईला भाच्याच्या बारशाला चांदीचं कडं घातलं, बाळ अगदी आत्यावर गेलंय. मी हसून म्हटलं, हो ना. आणि मोदकाचा प्रसाद तिच्या हातावर ठेवला. माझ्या पोटी कुणी नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या भावावर मी चिडायचं तेवढं चिडून झाले. आता राग तुमच्यावर आहे. तुम्ही मला पत्रातून विचारता की वहिनी, दिवाळीला फराळ काय काय करणार? ज्येष्ठमध पाठवता, लोणच्याची बरणी पाठवता. मला वाटायचं, हिला तरी माझी पडली आहे. आणि बारशाचं एका ओळीनं कळवलं नाहीत. मी रडले असते, भांडले असते, पण तिथं त्या आयांपुढे तोंड बांधल्यासारखी उभी राहिले नसते. निदान कुणी माझ्याशी खरं बोललं आहे एवढं तरी मला ठाऊक असतं.

ओवाळायला जाऊ नका असं मी म्हणत नाही. भाऊ तुमचा आहे, पोराचा काही दोष नाही. कडं घातलंत तेही बरं केलंत. फक्त यापुढे मला "सासरची मंडळी सोडत नाहीत" असं लिहू नका. मी या घरात सून म्हणून राहते ती आता मामाजींसाठी. त्या खोल्या मिळाल्या तर त्यांनाही घेऊन जाईन. ते यायला तयार आहेत.

कुरियनबाईंनी जाताना निरोप ठेवला की फेब्रुवारीत पुन्हा येईन, हवा तर धडा बदला. मी धडा बदलणार नाही. आणि या वेळी मला विचारलं तर मीच उत्तर देणार. स्वयंपाकघरात रोज म्हणून बघते. पहिल्यांदा पोळी करपली, आता करपत नाही. "ही लिव्ह्ज इन भिलाई विथ हिज वाइफ अँड सन."

टाळ्या पडणार नाहीत. आनंदाबाईला ते कळेल, एवढं इंग्रजी मीच तिला शिकवलंय.

मामाजींचे तुम्हाला आशीर्वाद. पोरांना माझा पापा.

तुमची वहिनी म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा,
सुमती