टोक नसलेली सुरी

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघं बरे आहोत. तुझ्या नातीला तिचा बाप ‘गाठोडं’ म्हणतो, आणि आता तिलाही तेच आपलं नाव वाटतं. मान धरायला लागली आहे. दूध पिताना माझं बोट इतकं घट्ट धरते की सोडवताना जीव मेटाकुटीला येतो.

पत्रास कारण, सुऱ्या. तू जन्मभर हॉस्टेलच्या मुलींना रांधून घातलंस, तेव्हा तुझ्याशिवाय कुणाला विचारू? घरातल्या जुन्या सुऱ्या मी शेजारणीला देऊन टाकल्या. नव्या घ्यायच्या आहेत, पण मी रजेवर, पगार अर्धा, तेव्हा खिशाला झेपतील अशाच सांग. लहान असाव्यात, टोकाशी गोल असाव्यात. धार फारशी नसली तरी चालेल, खरं तर नसलेलीच बरी. बिनटोकाची मिळते का गं कुठे?

सध्या चिरलेली भाजी विकत आणते आणि पाव हातानं तोडते. आमचा लिफ्टवाला नवरा म्हणतो, आपण घरात राहतोय की सहलीला आलोय? तो सकाळी लिफ्ट दुरुस्तीला गेला की घर फार शांत होतं. मग आम्ही दोघीच असतो.

लवकर लिही. तुझा लोभ आहे म्हणून तर एवढं पिडते.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले. धार नसलेली सुरी मागणारी तू पहिलीच. उद्या चाकं नसलेली सायकल मागशील! अगं, बोट कापते ती बोथट सुरी. टोमॅटोच्या सालीवरून घसरते, मग आपण जोर लावतो आणि ती जायची तिथे जात नाही. धारेची सुरी जिथे टेकवशील तिथेच उतरते.

आता नीट ऐक. दुकानदार लाकडी ठोकळ्यात खोचलेला संच पुढे करील, त्याला हात जोड. त्यातल्या निम्म्या नुसत्या धूळ खातात. तुला दोनच पुरेत. एक वीतभर पात्याची मोठी आणि एक सोलायला लहान. पातं मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं बघ, मुठीवर खिळ्यांची डोकी दिसतात त्यावरून कळतं. पातं मुठीपाशीच संपलं असेल तर सहा महिन्यांत हलायला लागेल. हात ओला करून धरून बघ, सटकली तर ठेवून दे. चकाकीला भुलू नकोस. जे पैसे वाचतील त्यातून धारेचा दगड घे, म्हणजे साधी सुरीही दहा वर्षं जाईल.

आणि तीन महिन्यांचं पोर पाळण्यातून उतरून ओट्यावर चढणार आहे का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. चांगल्या सुऱ्या वाटून टाकणारी मोठी दानशूर लागून गेलीस!

जावईबापूंना आशीर्वाद, गाठोड्याला पापा. मावशीवरचा लोभ वाढता ठेव, सुऱ्यांचा कमी होऊ दे.

तुझी,
मावशी


१५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

थट्टेत लिहिलंस, पण तो ब्रह्मराक्षस माझ्या घरात आहे.

तू सांगितलंस तशी दुकानात गेले. बाळ छातीशी बांधलं होतं. दुकानदारानं मोठी सुरी माझ्या हातात दिली, म्हणाला, तोलून बघा. चांगली होती, मुठीवर तीन खिळे होते. आणि माझ्या मनात आलं, ही बाळाला लागली तर? मग आलं, मीच लावली तर? नुसतं आलं नाही, मावशी, डोळ्यांना दिसलं. मी सुरी टाकली आणि पळत सुटले. बाहेर पायरीवर बसून बाळाचे हात, पाय, मान, सगळं चाचपून पाहिलं. ती मजेत झोपली होती.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. म्हणून तर सुऱ्या दिल्या. मला तसं करायचं नाही गं. तिला साधी शिंक आली तरी मी रात्रभर उशाशी बसते. मग हे येतं कुठून? कापणारी कोण, सुरी की मी? आता कात्रीसुद्धा माळ्यावर टाकली आहे. तो घरी आला की बाळ त्याच्याकडे देते आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. त्याला वाटतं, मी थकले.

त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर बाळ माझ्यापासून काढून घेतील. तूही कुणाला सांगू नकोस. आई असती तर तिला लिहिलं असतं, आता तूच आहेस.

हे वाचूनही तुझा लोभ राहील ना?

भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लोभाचं विचारतेस म्हणजे कमाल झाली. सुऱ्यांचं सध्या राहू दे. चिरलेली भाजी आणतेस तीच आण, त्यात काही बिघडत नाही. झोप काढ, दूध पी, बाळाजवळ कुणीतरी असू दे. एकटी राहू नकोस. मी आहे.

इकडे सगळं ठीक. परीक्षा जवळ आल्यामुळे मुलींना वेळीअवेळी भूक लागते.

तुझी,
मावशी


२ मार्च

ती. मावशीस,
नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका सकाळी उठले तर ओटा मोकळा. सोलाणं नाही, किसणी नाही, काटेचमचेसुद्धा नाहीत. त्यानं सगळं हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या शेजारी भरून कामावर नेलं होतं. दुपारी सासूबाई बॅग घेऊन दारात. मी बाळाला उचललं की त्याही उठतात. मी न्हाणीघराकडे निघाले की आधी बाळ मागून घेतात. कुणी काही बोलत नाही, सगळे माझ्याशी गोड वागतात. त्या गोडव्यानंच जास्त भीती वाटते.

शेवटी मी त्याला धरून विचारलं. त्याला खोटं कुठे जमतं? रडत म्हणाला, मावशींनी लिहिलं, घरातलं धारेचं सगळं हलवा आणि तिला बाळाजवळ एकटी ठेवू नका. मावशी, मी तुला एकटीला सांगितलं होतं. तू पण घाबरलीस मला. मला जे स्वतःबद्दल वाटत होतं, त्यावर तू शिक्का मारलास.

त्याला मीच मग अथपासून इतिपर्यंत सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी खूप विचारलं, झोपेचं, जेवणाचं, मला कसले आवाज येतात का, स्वतःला संपवावंसं वाटतं का. सगळं ऐकून म्हणाल्या, हा आजार आहे, पुष्कळ नव्या आयांना होतो, आणि लाजेपायी कुणी बोलत नाही. ज्या विचारानं तुमचा असा थरकाप होतो, तो तुमची इच्छा नाही. मी दोनदा विचारलं, बाळ नेणार नाही ना? त्या म्हणाल्या, कुणी नेणार नाही. गोळ्या दिल्या आहेत, दर आठवड्याला बोलावलं आहे. आणि म्हणाल्या, लपवाछपवी बंद करा, जेवढं लपवाल तेवढी भीती वाढेल. घरात सुरी आणा, आधी घरचं माणूस जवळ असताना वापरा.

सासूबाईंना तो समजावतो आहे. आता सुरी तूच निवड आणि तूच पाठव. पहिल्या पत्रात लिहिली होतीस तशी. बोथट पाठवलीस तर मला कळेल.

भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चुकले. पांघरूण घालत नाही. आमच्या भटारखान्यात रोज काम संपलं की सुऱ्या मोजायच्या, कपाटात ठेवायच्या आणि कुलूप लावायचं. तीस वर्षं तेच केलं. तुझं पत्र वाचून पहिलं काय सुचलं तर कुलूप. तुला डॉक्टरांकडे धाडायचं सुचायला हवं होतं, आणि जे लिहायचं ते तुला विचारून लिहायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी.

सोबत सुरी पाठवते आहे. तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातली महाग, नाव तेवढं मोठं. दुसरीची मूठ ओल्या हातात सटकली. ही मधल्या किमतीची आहे, पण पातं शेवटपर्यंत गेलेलं आहे आणि तोल बरोबर बोटाखाली येतो. दुकानातली धार मला पटली नाही, म्हणून दगडावर मी स्वतः लावली. कागद अलगद कापते. टोक आहे तसंच ठेवलं आहे.

डॉक्टरीणबाई सांगतील तसंच कर. आणि तुझ्या मावशीवर जो काही लोभ उरला असेल, तेवढ्यावर मी भागवून घेईन.

तुझी,
मावशी


१७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पार्सल येऊन तीन दिवस तसंच पडून होतं. आज उघडलं. तो कामावरून आला होता, दारात उभा राहिला. सासूबाईंना त्यानं फिरायला धाडलं. बाळ ओट्यापासून हातभर अंतरावर, चटईवर, पाय उडवत होतं.

काकडी घेतली. पहिला काप पडला आणि विचार आला, तसाच, त्याच दुकानातला. घामानं मूठ ओली झाली, पण सटकली नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, त्याला हाकलू नका, भांडू नका, हातातलं काम सोडू नका. मी कापत राहिले. मला रडू येत होतं आणि मी कापत होते. तो विचार बराच वेळ राहिला. काकडी संपली तेव्हा कमी झाला होता, गेला नव्हता. काप इतके जाड झाले की लिफ्टवाला म्हणाला, हे लाकूडतोड्याचं काम. मग आम्ही सगळे खाल्ले. बाळाकडे मी एकदाच पाहिलं, ती माझ्याकडेच बघत होती.

उद्या पुन्हा करायचं आहे. उद्याचीही भीती वाटतेच.

एक विचारू? एवढी धारदार सुरी माझ्या घरी पाठवताना तू घाबरली होतीस का? माझी समजूत काढू नकोस. खरं लिही, म्हणजे पुढेही मला तुला सगळं लिहिता येईल.

तुझी,
भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

घाबरले होते. पार्सलची दोरी दोनदा बांधून दोनदा सोडली. शेवटी पोस्ट बंद व्हायच्या आत धावत जाऊन देऊन आले, आणि तुझं पत्र येईपर्यंत घास गोड लागला नाही.

आता लहान सुरी बघते आहे, सोलायची. तिलाही धार मीच लावीन.

तुझी,
मावशी