दुसऱ्या भागात बटणं बदलता येतात

नारायण पेठ, पुणे
७ डिसेंबर २००३

प्रिय अभिनव यास,

अयानचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत. तिकडचं तू काही कळवत नाहीस, म्हणून ठीकच असेल असं धरून चाललोय.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एक ओळ लिहून बाकीची जागा कोरी सोडणारा माणूस यवतमाळचा असूनही पुण्यात सहज खपून जाईल. 'कर्ब किंगचा दुसरा भाग आला म्हणे. खेळण्यासारखा आहे का?' बस. ना तब्येत, ना घरचे, ना कधी येतोस. ई-मेल तू उघडत नाहीस. फोन केला की तुझे बाबा 'तो झोपलाय' म्हणून सांगतात, तेही भर दुपारी. म्हणून मीही पेन काढलं.

तर उत्तर देतो, आणि सविस्तर देतो, कारण या विषयावर सध्या पुण्यात माझ्याइतका अभ्यास कुणाचा नसावा. ऑफिसातल्या एकाने परदेशातून येताना या खेळाची सीडी आणली, ती मी त्याच्या टेबलावरूनच उचलली.

चित्रं झकास आहेत. पहिल्या भागात आपला गडी स्केटबोर्डवर उभा राहिला की फळीवर गॅसची टाकी ठेवल्यासारखा दिसायचा. आता त्याला नाक आहे, कोपरं आहेत, हाताला वेगवेगळी बोटं आहेत. असो. गावं नवी आहेत. एक बंदर आहे, एक शाळा, एक बंद पडलेली गिरणी. गिरणीच्या छपरावरून घसरत खाली यायला फार मजा येते. गाणी मात्र पार बिघडवून ठेवलीत. पहिल्या भागातलं ते ढणढणाट गाणं तुला पाठ होतं आणि एकही शब्द कळत नव्हता, आठवतंय? इथे शब्द कळतात आणि कळले नसते तर बरं झालं असतं.

पण नवी गावं आणि नवे कपडे एवढ्यावर दुसरा भाग घ्यायचा असेल तर त्यापेक्षा पहिलाच पुन्हा खेळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या भागाने आपल्याला पुन्हा ढ करून सोडलं पाहिजे. हा करतो. पहिल्या भागात उडी मारली, गिरकी घेतली, खाली आलास की मार्क मिळाले आणि विषय संपला. इथे खाली आल्यावर पुढची चाकं उचलायची, मागच्या दोन चाकांवर डगमगत पुढच्या कठड्यापर्यंत जायचं आणि तिथून परत उडी घ्यायची. तोल सांभाळलास तर आधीचे सगळे मार्क धरले जातात. आपटलास तर सगळे गेले. त्यामुळे आपण जे काही शिकलो होतो त्यातलं निम्मं इथे कामाचं नाही. पहिल्या दिवशी मी इतका आपटलो की अम्मी स्वयंपाकघरातून विचारायला आली, काय मोडतोयस म्हणून.

आता एक अडचण सांगतो. मला एकट्याला खेळताच येत नाही.

हसू नकोस. दोष यज्ञेश्वरकाकांचा आहे. त्यांच्या सायबर कॅफेत दोघांत एक कॉम्प्युटर घेऊन आपण पहिल्या दिवशी कसे भांडलो होतो? तुझा टर्न, माझा टर्न, तू जास्त वेळ खेळलास. तेव्हा काका चष्मा कपाळावर चढवून आले आणि शांतपणे म्हणाले, 'इथे टर्न-बिर्न चालणार नाही. खेळायचं तर दोघांनी एकदम खेळा, नाहीतर रस्ता मोकळा आहे.' आणि आपण, फर्स्ट क्लासवाले भावी इंजिनियर, हे शब्दशः पाळलं. तू उजवीकडे बसून बाण सांभाळायचास, मी डावीकडे बसून उडी, गिरकी आणि कठडा, म्हणजे कठड्यावरून घसरण्याचं बटण. गडी एक, चालवणारे दोन. जगात कुठेही हा खेळ असा कुणी खेळलं नसेल.

सुरुवातीला तू 'आता' म्हणायचास आणि मी उडीचं बटण दाबायचो. दर वेळी उशिरा. तू सदाशिव पेठेतल्या खोलीपर्यंत मला शिव्या घालत जायचास. मग कधीतरी तू 'आता' म्हणणं सोडून दिलंस आणि मी वेळेवर दाबायला लागलो. ते कसं जमायचं ते मला आजही सांगता येणार नाही. कॉलेजात मी काय शिकलो ते विसरलो, पण ते विसरलो नाही. काकांनी आता तिथे झेरॉक्सचं मशीन टाकलंय आणि गिऱ्हाइकांशी वागणूक होती तशीच ठेवलीय. परवा मला बघून म्हणाले, दुसरा कुठाय? मी म्हटलं, गावी. ते म्हणाले, मग तू एकटा कशाला आलास.

तर घरी एकट्याने खेळायला बसलो आणि माझा उजवा हात बाणांवर नुसता पडून राहिला. शेवटी अम्मीला बसवलं उजवीकडे. म्हटलं, फक्त सरळ जायचं. तिने गड्याला सरळ शाळेपुढच्या कारंज्यात नेलं. परत परत नेलं. तिला कारंजं आवडलं. वर मलाच म्हणाली, अभिनव असता तर नीट नेलं असतं.

तुझ्याविना खेळात मजा नाही, आणि ऑफिसात तर मुळीच नाही. हडपसरला बस तीच आहे, कँटीनचा चहाही तोच आहे, आणि तुझ्या खुर्चीवर सगळ्यांनी आपापल्या बॅगा ठेवायला सुरुवात केलीय. मी त्या रोज खाली काढून ठेवतो. तू राजीनामा बाबांच्या हाती पाठवलास, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, याचा मला राग आलाय. अजून आहे. दवाखान्यात रोज येऊन बसणाऱ्या माणसाला निदान निघताना सांगायची पद्धत आहे.

दीपमाला मॅडमनी तो राजीनामा अजून पुढे पाठवलेला नाही. जानेवारी उजाडेपर्यंत थांबते म्हणाल्या, पुढे त्यांच्याही हातात नाही. मी त्यांच्याशी बोललो, तुला न विचारता बोललो. मी म्हटलं, त्याला वाटतं आता टायपिंग होणार नाही. त्या म्हणाल्या, 'टायपिंग हळू होईल. डोकंही हळू झालंय का?' मी म्हटलं, ते आधीपासून बेताचंच आहे. हे तू नाकारून दाखव.

इथपर्यंत तीन पानं झाली आणि हाताचं मी एकदाही नीट लिहिलं नाही. तू लिहिलं नाहीस, म्हणून मीही टाळलं. आता लिहितो. सोलापूर रस्त्यावर त्या टेम्पोखाली तुझा उजवा हात चिरडला गेला. डॉक्टर जे सांगत होते ते तुझ्याबरोबर मीही ऐकलंय. तो परत पूर्वीसारखा होणार नाही. तुझ्यासमोर मी 'होईल, होईल' म्हणत राहायचो आणि तू भिंतीकडे तोंड करायचास. यापुढे म्हणणार नाही.

तुझ्या कार्डावरचा पत्ता बाबांच्या अक्षरात आहे आणि ती एक ओळ तुझ्या. ते कार्ड आधी अम्मीच्या हाती पडलं. कुणाच्या लहान मुलाने लिहिलंय म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं. ती खाली बसली, ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाली, 'म्हणजे लिहायला लागलाय की.' मी आत जाऊन रडलो. अम्मीला वाटलं, मी तोंड धुतोय.

आता खेळण्यासारखा आहे का, याचं खरं उत्तर. पहिल्या भागात कुठलं बटण कशाला ते ठरलेलं होतं, बदलता यायचं नाही. या भागात सगळी बटणं हवी तिथे नेता येतात. मी सगळी डावीकडे आणली, उजवा हात मांडीखाली दाबला आणि नुसत्या डाव्याने खेळत बसलो. हे कुणाला सांगितलेलं नाही. हाताला मुंग्या यायच्या, मी आपटत राहायचो, चिडायचो, आणि मांडीखालचा हात काढायचा मोह व्हायचा. मला तो काढता येतो, तुला येत नाही, हे कळून मी कॉम्प्युटर बंदही केला. पण दुसऱ्या दिवशी परत बसलो. गिरणीचं छप्पर आता जमतं. खराब जमतं, पण जमतं.

तरी तू एकट्याने डाव्या हाताने खेळावंस म्हणून मी हे सांगत नाही. ते कंटाळवाणं आहे. तसं एका हाताने खेळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. काकांच्या कॅफेत कॉलेज संपेपर्यंत आपण खेळलो, ते दोघांत मिळून दोनच हातांनी. तुझा उजवा, माझा डावा. माझा उजवा हात टेबलाखाली असायचा आणि तुझा डावा कायम पँटच्या खिशात. त्या हाताने तू कधी काही केलंच नाहीस, लेका. तो अजून नवा कोरा आहे.

तेव्हा तू डावीकडे बस. उडी, गिरकी आणि कठडा तुझ्याकडे. बाण मी घेतो. मला ते येत नाहीत आणि तुला उड्या येत नाहीत, म्हणजे दोघेही सारखेच ढ. मी तुला कारंज्यात नेईन, तू चुकीच्या वेळी उडी मारशील, आपण आपटू, मग भांडू. अम्मीने तुझ्यासाठी खाट काढून ठेवलीय. मॅडमना काय सांगायचं ते तू स्वतः इथे येऊन सांग, हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हणालास तर मी अडवणार नाही. पण ते बाबांकडून कळवू नकोस.

तुझ्या आई-बाबांना माझा आणि अम्मीचा नमस्कार सांग. गाडीची वेळ कळव. स्टँडवर तुझी बॅग मी उचलणार नाही, तुझी तू आण.

उजवीकडे बसायला शिकत असलेला,
अयान