लाल पानांची कमान

स्वस्ति श्री. गिरिपथसंरक्षक, सफरचंद-रस स्पर्धेतील द्वितीय-पारितोषिक-विभूषित, ग्रामसभेत प्रतिवर्षी बोलणारे व प्रतिवर्षी खाली बसवले जाणारे, साक्षात वधूपिता ऑर्विल प्रॅट, मुक्काम व्हरमाँट, यांची ही खासगी रोजनिशी. अन्य कोणीही वाचू नये. विनी, तूसुद्धा.

२० सप्टेंबर, शनिवार
येत्या शनिवारी मार्लिसचे लग्न, आमच्याच हिरवळीवर. तिचा हात धरून तिला वराकडे नेण्याचा मान माझा. शिवाय विवाहकमान स्वहस्ते उभारण्याचा संकल्प. मागच्या दगडी कुंपणावर एक वेल रक्तवर्ण होऊन झळकत आहे. फुकट.
अर्धांगिनी विनी म्हणाली, "ऑर्विल, तिला तीन-तीन पानं आहेत. पॉयझन आयव्ही आहे ती, अंगाला लागली की पुरळ उठतं."
मी शांतपणे समजावले की विष हिरवेपणी असते. लाल झाली म्हणजे पिकली.
"टोमॅटो आहे का तो?" असे म्हणून ती आत गेली. वादात निरुत्तर झाल्याचे हे लक्षण.
दुपारपर्यंत कमान सिद्ध. हातमोजे अर्थातच घातले होते; घाम त्यांनीच पुसला. ते न काढताच लग्नाचा कोट चढवून कमानीखालून संचलनाचा सरावही केला. अत्यंत रुबाबदार.

२२ सप्टेंबर
मनगटास किंचित कंड. डास. साबणाने धुतलेस का, असे विनीने विचारले. मी होकार दिला. मनात धुण्याचा विचार खरोखर आला होता.

२३ सप्टेंबर
डास थोराड असावेत. कढत पाण्याखाली हात धरला. स्वर्गीय सुख. नंतर नरक.

२४ सप्टेंबर
मुखमंडल सुजले. डावा डोळा बंद. शेजारचा गस कुंपणावरून ओरडला, "अरे ऑर्विल, या वर्षी भोपळे लवकर आले की रे!" उत्तर देणे प्रतिष्ठेस शोभले नसते. शिवाय ओठ हलत नव्हते.
ओढ्याकाठचा तेरडा ठेचून लावला. आता हिरवा आणि सुजलेला.
उरलेल्या वेली जाळून सूड घेण्याचे ठरवले. विनीने काडेपेटी हिसकावली. "तो धूर छातीत गेला तर आतूनही खाजवशील. तिथे हात कसा घालणार आहेस?"

२५ सप्टेंबर
विनीने दवाखान्यात नेले. डोळ्याजवळ सूज म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, परिचारिकेने प्रवचन. पुरळ दुसऱ्याला लागत नाही. लागते ते पानांचे चिकट तेल. ते कपड्यांवर, कात्रीवर दीर्घकाळ टिकते. सर्व काही साबणाने धुवावे.
घरी येताच विनीने हातमोजे घालून कमान पिशव्यांत कोंबली. मोजे फेकले, कात्री धुतली. मी दुसरा डोळाही मिटला.
कोटाविषयी कोणी विचारले नाही, म्हणून मी बोललो नाही. लोकरीत तेल टिकत नसावे.

२७ सप्टेंबर, शनिवार, सकाळी
कोट घातला. अंगभर कॅलामाइन या कंडशामक औषधाचा गुलाबी लेप. भव्य दिसतो.

त्याच दिवशी, सायंकाळी
वाद्ये सुरू झाली. मी हात पुढे केला. कोटाच्या बाहीला चिकटलेले एक लाल पान पाहून मार्लिस थबकली.
"बाबा, हा कोट त्या दिवशी घातला होतास? कमान करताना?"
मी म्हणालो, क्षणभरच.
"मग काढ. माझ्याबरोबर चालायचं असेल तर आत्ता काढ. नाहीतर गसकाकांचा हात धरते. त्यांचा कोट स्वच्छ आहे."
गस लगेच उठून उभा राहिला. हलकट.
मी कोट काढला. आम्ही मक्याची कणसे ज्याने उलटतो त्याच चिमट्याने विनीने तो उचलला. मार्लिसने माझा लेपलेला, सोलवटलेला हात गच्च धरला आणि कुजबुजली, "खाजवू नकोस. पोचलोच आपण."
खाजवले नाही. आयुष्यातील सर्वांत दीर्घ हिरवळ. तिच्या शुभ्र बाहीवर गुलाबी पंजा उमटला. छायाचित्रकाराने तो अगदी जवळून टिपला. माझी वस्त्रसंकल्पना सर्वांना भावली असावी.
आता खाजवण्यास मुभा आहे, पण लेप संपत आला. नवी बाटली आणली आहे. तिचे झाकण दाबून फिरवावे लागते, म्हणजे मुलांना उघडता येऊ नये. सुजलेल्या बोटांच्या वधूपित्याने ते कसे उघडावे, याचा विचार कोणी केलेला नाही. विनी पाहुण्यांना सोडायला गेली आहे. झाकण पकडायला चिमटाही नाही; तो धुवायला टाकला आहे.