दाराला लावलेला दगड

बिस्मिल्ला. लिहून ठेवणार मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी. डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे सांगता येत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. कुणाचा दाब नाही, कुणाची फूस नाही. माझ्या माघारी अमलात यावे म्हणून हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. यापूर्वी केलेले एखादे कुणी पुढे आणले तर ते खोटे समजावे, कारण मी केलेलेच नाही.

घर दोन खोल्यांचे. ते व त्यातील सामान शरीयतप्रमाणे मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. त्यात माझी अक्कल चालत नाही. फक्त तिच्या वारलेल्या आईचे कपाट मुलीच्या हिश्श्यात धरावे. मुलाने त्याची किल्ली तीनदा हरवली आहे.

वारसांबाहेर कुणाला द्यायचे तर मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत मुभा आहे. दुकान, कटिंग मशीन, पुस्तके दाबायचे दोन शिकंजे, सुया व दाभणे एवढ्यात बसतात. इमामसाहेबांकडून खात्री करून घेतली आहे. हे सगळे मी भाभींना देतो. भाभी म्हणजे माझ्या वारलेल्या भागीदाराची बायको. तो गेल्यावर त्याच्या जागी त्या कामाला बसल्या. पानांची शिवण त्यांच्यासारखी मला अजून येत नाही.

मुलगा म्हणाला, "अब्बा, अख्खं दुकान परक्या बाईला? लोक काय म्हणतील?" बाळा, याच वाक्याने मला खाल्ले आहे. म्हणून पुढचे कलम लांबले आहे. ते वाचताना मध्येच उठू नये.

भाभी आणि मी एकमेकांना परके, म्हणजे नामहरम. रक्ताचे नाते नाही, लग्नाचे नाही. अशा बाईने व पुरुषाने बंद खोलीत एकटे बसू नये, नजर खाली ठेवावी, बोलणे कामापुरते आणि सरळ असावे, ही आम्हाला शिकवण. ती आम्ही पाळली. दुकानाचे दार वाऱ्याने लागू नये म्हणून त्याला दगड लावला. दोन टेबलांमध्ये फळ्यांचा आडोसा घातला, त्याला लहानशी खिडकी ठेवली. तिकडून शिवलेली पाने यायची, इकडून पुठ्ठे जायचे. "भाईजान, दोरा संपला." "भाभी, उद्या आणतो." सव्वीस वर्षे एवढ्या बोलण्यावर निभावली आणि इज्जतीने निभावली. शिकवणीत खोट नव्हती. खोट कुठे होती ते लिहितो.

एकोणीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, भाभी पुठ्ठे काढायला माळ्यावर चढल्या. शिडी सरकली. माळ्याच्या कडेला दोन्ही हातांनी लोंबकळत त्या ओरडल्या, "भाईजान, धरा!" मी तीन पावलांवर होतो. हात पुढे करायचे, एवढेच काम होते. मी दारातून बाहेर पळालो आणि समोरच्या टेलरबाईंना हाका मारू लागलो. त्या बिचाऱ्या कात्री टाकून धावत आल्या, पण तोवर आत पडल्याचा आवाज झाला होता. खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून भाभी काठी घेऊन चालतात आणि नमाज खुर्चीवर बसून पढतात.

पुढे भलतेच झाले. माझी वाहवा झाली. "जिवावर बेतलं तरी परक्या बाईला हात लावला नाही, याला म्हणतात ईमान!" शाळेचे मास्तर मुलांना माझा दाखला देऊ लागले. मशिदीत लोक सरकून मला पहिल्या रांगेत जागा देऊ लागले. ती मी घेतली. चोराच्या मनात चांदणे म्हणतात. माझ्या मनात एकोणीस वर्षे मावळलेले नाही.

पाच वर्षे गेल्यावर इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "अहो, जीव वाचवायचा तिथे हात द्यायचाच. तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मी म्हणालो, "नव्हतं." तेही खोटे. ठाऊक होते, वडिलांनी लहानपणीच शिकवले होते. मी अल्लाला घाबरून पळालो नाही. शिडी सरकली त्याच्या आदल्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ, ज्याचे किल्ल्यांचे दुकान टेलरबाईंच्या शेजारी आहे, चार माणसांत हसत म्हणाला होता, "दार उघडं असतं हो, पण डोळे कुठे असतात ते विचारा." मी त्या वाक्याला घाबरलो.

भावाला वारशाने काही येत नाही. त्याला दाराचा दगड द्यावा. त्याला माफ केले, असे दोनदा लिहून खोडले आहे. तिसऱ्यांदा लिहितो: केले. जीभ त्याची होती, पण पळणारे पाय माझे होते.

माझ्या मयतीला कुणी शिडीची गोष्ट कौतुकाने सांगू लागला, तर मुलाने त्याला थांबवून वरचे कलम मोठ्याने वाचावे. लाज वाटली तरी वाचावे.

अल्ला स्वतःचा हक्क माफ करतो. माणसाचा हक्क त्या माणसानेच माफ करावा लागतो. मोडलेला खुबा भाभींचा आहे. दुकान देऊन माफी मिळत नाही, एवढे मला कळते. तोंडाने मागायची हिंमत झाली नाही, म्हणून सही करण्याआधी हे सगळे खिडकीतून त्यांना वाचून दाखवणार आहे.

(सही)

पुरवणी. वाचून झाल्यावर भाभींनी हातातल्या शिवणीला गाठ मारून दोरा तोडला. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं, भाईजान. मी वर लटकले होते ना. दार उघडंच होतं. टेलरबाईंना हाक मारायच्या आधी तुम्ही किल्ल्यांच्या दुकानाकडे बघितलंत."

मी विचारले, "माफ कराल?"

"मशीन घेते. माफीचं आज विचारू नका."

वरची सही वाकडी आहे, त्याचे कारण नोंदवतो. सहीसाठी उठलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोल गेला. साक्षीदार दाराशी होते. भाऊ समोर आपल्या दुकानात बसून इकडेच बघत होता. भाभी आडोशामागून बाहेर आल्या, काठी टाकली आणि माझे कोपर धरले. समोर कोण आहे ते त्यांनी पाहिले नाही. सही पूर्ण होईपर्यंत सोडले नाही. सही माझीच आहे, कुणी शंका घेऊ नये. ही पुरवणी बसून लिहिली आहे.

(सही)

साक्षीदार: १) मशिदीचे इमाम (सही)
२) समोरच्या टेलरबाई (सही)
दोघांनीही वरील प्रकार डोळ्यांनी पाहिला.

स्थळ: बाइंडिंगचे दुकान, दार उघडे.
दिनांक: चौदा मार्च, शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर.