दिवाणाचा पायथा

जुना जालना
९ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. गिरिजावहिनींस रजनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण भुजंगदादा तो स्पीकरवर टाकतो आणि आई शेजारीच बसलेली असते. म्हणून हा कागद.

आई गुडघ्याच्या शेकासाठी माझ्याकडे पंधरा दिवस राहणार होती, ती पाचव्या दिवशीच निघाली. विचारलं तर म्हणे हरभरा सोंगणीला आलाय. डॉक्टर म्हणतात, शेक अर्धवट सोडला तर गुडघा कायमचा आखडेल.

वहिनी, आमच्या दोन खोल्या तुम्हाला ठाऊक आहेत. या वर्षी नणंदेची परीक्षा झाली, मग चुलतसासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन. रोज गाद्या घाला, रोज काढा. थकले आहे, खोटं कशाला बोलू? पण आईसाठी बाहेरचा दिवाण मोकळा केला, नवी गादी भरून घेतली, आम्ही चौघं आत जमिनीवर दाटीवाटीनं झोपलो. माझ्या तोंडावरचा कंटाळा तिला दिसला का, तेवढं कळवा.

तुमचा माझ्यावर जीव आहे, तो तसाच राहू द्या.

आपली,
रजनी


पिंपळगाव रेणुकाई
१४ फेब्रुवारी

सौ. रजनीताईंस गिरिजाचा स. न. वि. वि.

तुमचं तोंड लग्नाआधीपासून तसंच आहे, त्याचं आईंना काही नाही. हरभराही त्या येण्याआधीच सोंगून झाला होता.

सांगू नको म्हणून त्यांनी शपथ घातली आहे, पण आता त्यांना उंबरा ओलांडवत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या दिवाणाच्या पायथ्याशी देव्हारा आहे. उशी फिरवावी तर पाय दक्षिणेला होतात. आई चारही रात्री गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिल्या. गुडघा सरळ करायला गेल्या आणि पार मुडपून आल्या.

ताईंना सांगायचं होतं, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, “लेकीच्या घरचे देव हलवाया सांगणारी मी कोण? आधीच थकून राह्यली ती.”

राग मानू नका, येत-जात राहा.

तुमची,
गिरिजा


जुना जालना
१९ फेब्रुवारी

ती. आईस रजनीचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलंय, तुझं तूच वाच. वहिनींना बोलू नकोस.

देव आज स्वयंपाकघरात नेले. मसाल्याचे डबे खाली उतरवले आणि त्या फळीवर देव्हारा ठेवला. ह्यांनी खिळा ठोकताना बोट ठेचून घेतलं, तेवढाच काय तो नैवेद्य. दिवाणाच्या पायथ्याला आता नुसती भिंत आहे. सोमवारपासून शेक पुन्हा पहिल्यापासून सुरू करू म्हणाले डॉक्टर. शनिवारी दादाबरोबर ये.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय तुला बोलावणं बरं वाटत नाही. तुला एसटीत बसवून घरी आले तेव्हा मला हायसं वाटलं होतं. दार लावलं आणि त्याच दिवाणावर आडवी झाले. चांगले पाय लांब करून संध्याकाळपर्यंत झोपले. समोर देव आहेत, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

ये आई. माया कमी करू नकोस.

तुझी,
रजनी