बिनमाणसांच्या जहाजातले अकरा बंक

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे निम्मा नमस्कार मनातल्या मनातच घातलाय, समजून घ्यावं). मामींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? पट्टी असतानाही त्या तुमच्या चुका बरोबर शोधत होत्या असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं मी धरून चालतो. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. त्यापलीकडे चांगलं असं सांगण्यासारखं काही नाही.

तुम्ही निवृत्त होताना माझ्या हाती सोपवलंत ते सुतारखातं कसं चाललंय, असं विचारलंत. मामा, ते बंद होतंय. आता खाली बसा, पाणी प्या आणि पुढचं वाचा. (बसून वाचावं असं आधी लिहायला हवं होतं, पण माझं हे नेहमीचंच.) आपल्या यार्डाला एका बिनमाणसांच्या जहाजाचं काम मिळालंय. खलाशी नाही, कप्तान नाही, कुणी म्हणजे कुणी नाही. किनाऱ्यावरच्या एका गार खोलीत दोघं जण फिरत्या खुर्चीत बसणार आणि तिथून जहाज हाकणार. साहेबांनी मला बोलावून अगदी गोड आवाजात समजावलं (साहेब गोड बोलले की मी आधी खिसा चाचपतो) की माणसं नाहीत म्हणजे खोल्या नाहीत, खोल्या नाहीत म्हणजे फर्निचर नाही, आणि फर्निचर नाही म्हणजे तुम्ही सात सुतार नाही. यापुढची जहाजं सगळी अशीच. हे पाण्यात सुटलं की खात्याला कुलूप. मला तेवढं स्टोअरच्या खिडकीत बसवणार, हातमोजे वाटायला. एकतीस वर्षं रंधा मारलेल्या माणसाने हातमोजे वाटायचे! बाकीच्या सहा जणांचं काय, असं विचारलं तर साहेबांना एकदम फोन आला. वाजलेला मी तरी ऐकला नाही.

तर आम्ही हत्यारं पुसून, याद्या करून, तोंडं पाडून बसलेलो असताना सर्व्हेयर आले. हे तुमच्या वेळी नव्हते. जहाज नियमात बसतंय का ते बघून सही करणारे गृहस्थ. आम्ही त्यांना पोथी म्हणतो, कारण नियमांचं जाडजूड पुस्तक उघडल्याशिवाय ते नमस्कारसुद्धा घेत नाहीत. पोथींनी जहाज बघितलं आणि विचारलं, जीव वाचवायची होडी कुठाय? साहेब म्हणाले, जहाजावर जीवच नाही. पोथी म्हणाले, पुस्तकात होडी आहे. साहेबांनी हात टेकले, होडी आली. मग पुस्तकात निघालं की होडी खाली सोडायला तीन माणसं लागतात. तीन माणसं आली की त्यांना झोपायला बंक हवेत, आणि उठली की खायला हवं, म्हणून एक आचारी. आचाऱ्यासाठी होडी मोठी घेतली, तर मोठ्या होडीला माणसं चार. शिवाय जहाज माणसांशिवाय चालतंय का, हे वर्षभर जहाजावर राहून बघायला यार्डाचे दोघं. त्या दोघांनी मधेच कशाला हात लावला नाही ना, हे बघायला विमावाल्यांचे दोघं. आणि संगणक रुसला तर त्याची समजूत काढायला संगणकवाल्यांचे दोघं. झाले अकरा. मामा, एवढ्याच लांबीचं जहाज तुम्ही केलं होतंत, त्यावर नऊ माणसं होती!

आणि हे कळलं कधी, तर सगळं पोलाद वेल्डिंग करून बंद झाल्यावर. वरातीमागून घोडं. नकाशात खोली नाही, जिना नाही, खिडकी नाही. आत जायला फक्त एक मॅनहोल, त्यातून आम्ही सात जण आधी पाय, मग पोट, मग उरलेले असे उतरायचो. (माझं पोट तुम्हाला माहीत आहे. दोनदा वरून दाबावं लागलं.) फळी न् फळी तिथून खाली सोडायची आणि आत जोडायची. एक कपाट आत असं झकास जोडलंय की जहाज भंगारात निघेपर्यंत बाहेर येणार नाही. (अकरा जण आत कसे शिरणार, असं तुम्ही विचाराल. दार कापायच्या परवानगीचा अर्ज केलाय. तो पोथींकडे आहे.)

आता एक नाजूक विषय, रागावू नका. सगळे बंक झाले की पोथी स्वतः त्यांवर आडवे होऊन बघतात. झाले, तर पाय घोट्यापासून बाहेर. ताडमाड वगैरे नाहीत हो, बेताचेच आहेत. हे माप कुठलं, म्हणाले. मी छाती काढून सांगितलं, आमच्या मामांची मापकाठी आहे, चाळीस वर्षं हिच्यावरच बंक होतात. त्यांनी टेप लावला, तर काठी वीतभर कमी! तेव्हा मला खात्यातल्या जुन्या लोकांनी सांगितलेलं आठवलं. दुपारच्या सुट्टीत तुम्ही बाकावर डुलकी काढत होतात आणि खात्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तुमच्या डोक्यापासून टाचेपर्यंत मापून ती काठी कापली होती. मामा, तुमची उंची! चाळीस वर्षं जगभरचे खलाशी तुमच्या मापात पाय मुडपून झोपले आणि आपण त्यांची तक्रारीची पत्रं ‘खलाशी कुरकुरायचेच’ म्हणत खिळ्याला अडकवत राहिलो. अकराच्या अकरा बंक उखडून पुन्हा केले. पोथींना मी सांगितलं की दमट हवेने काठी आखडली असेल. त्यांनी ते लिहून घेतलं, देव त्यांचं भलं करो.

तुम्हाला वाटेल, अकरा बंक म्हणजे खातं वाचलं. मलाही वाटलं, घरी बायकोला सांगूनसुद्धा बसलो. पण साहेब म्हणाले, हे सगळं तात्पुरतं. वर्ष सरलं की अकरा जण उतरणार, बंक भंगारात जाणार, आणि खात्याचं कुलूप ठरल्या दिवशीच लागणार. म्हणजे एवढं पोट खरवडून घेतलं ते कशासाठी? आणि मी म्हणतो, असल्या अकलेच्या पोथ्या लिहितं तरी कोण? जहाजावर चिटपाखरू नाही आणि म्हणे बंक हवा! लिहिणाऱ्याला एकदा त्या मॅनहोलमधून आत सोडावं आणि वरून झाकण लावावं.

असो. मला काही मागायचं नाही, नुसतं मन मोकळं करायचं होतं. मामींनी डोळ्याला जपावं. घरातल्या सगळ्यांना ज्याचा त्याचा नमस्कार.

तुमच्यापेक्षा वीतभर उंच, पण अकलेने तुमच्या खालीच असलेला,
तुमचा भाचा

ता. क. मागायचं नाही असं लिहिलंय ते खोटं आहे. पोथी जाताना बोलून गेले की बिनमाणसांच्या जहाजांसाठी नवं पुस्तक लिहिलं जातंय आणि त्या समितीवर तुमचे जावईबापू आहेत. होय, आपलेच. बंकांचं कलम ठेवायचं की उडवायचं, ते पुढच्या महिन्यात ठरतंय. तुम्ही त्यांच्याकडे कधी साधा चहासुद्धा मागितला नाहीत, मला माहीत आहे. पण एकदा विषय काढा. एक खोली, दोन बंक, एक टेबल, एवढं तरी प्रत्येक जहाजात राहू दे म्हणावं. उद्या त्या जहाजाने कुणाला समुद्रातून बुडता बुडता उचललं, तर त्याला पाठ टेकायला जागा नको? आम्ही सात जण तेवढ्यावर तगू.

दुसरा ता. क. हे पत्र त्यांना दाखवू नका. झाकणाचं लिहिलंय ते तर अजिबात नको.

तिसरा ता. क. काल शेवटचा बंक बसवला. हत्यारं कुणी गोळाच करेना. आमच्यातला एक, दोन मुलींचा बाप आहे, हळूच म्हणाला, मिस्त्री, एखादा स्क्रू ढिला ठेवू का, म्हणजे परत बोलावतील. मी त्याला सगळ्यांसमोर झापला. आणि सगळे वर गेल्यावर मीच एक ढिला केला. आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा आत उतरून आवळून आलो, मामा. नाही जमत आपल्याला. तो नियम मूर्खच आहे, पण आमच्या बाजूने उभा राहणारा तेवढा एकच उरलाय. रविवारची वाट बघू नका, जावईबापूंकडे उद्याच जा.