कृष्णीमावशीची काड्यापेटी

लोधिवली
मंगळवार, एप्रिल १९८३

हसून हसून पोट दुखतंय. आधी लिहून टाकते.

गॅस शोधायला आलेल्या कंपनीनं बोअरचं मशीन आमच्या शेतांच्या मधोमध उभं केलं आणि वर हुकूम सोडला, आजूबाजूला विस्तव पेटवायचा नाही. ऐन राब भाजायच्या दिवसांत! पालापाचोळा जाळून जमीन भाजली नाही तर भाताची रोपं काय साहेबाच्या डोक्यावर उगवणार?

म्हणून आज गाव आणि बौद्धवाडी, सगळ्यांनी मिळून मशीनच्या चहूबाजूंना आपापल्या शेतात शेण, पाला, गवत पसरून ठेवलं. शेजारची कृष्णीमावशी सगळ्यांच्या पुढे, हातात काड्यापेटी. साहेब धावतच आला. मावशीनं पेटी त्याच्या नाकासमोर खुळखुळवली.

"उद्या भाजनार, सायब."

"अहो बाई, महिनाभर थांबा!"

"मंग काय पावसात भाजू? तुमाला मशीन हलवता येतं. आमाला शेत हलवता येत नाय."

खरंच पेटवलं असतं का आम्ही? साहेब मात्र त्या काड्यापेटीकडेच बघत राहिला. शेवटी सगळ्यांदेखत कबूल झाला, मशीन पलीकडच्या माळावर नेतो. नेईल ना? नेईपर्यंत रोज बांधावर बसायचं ठरलंय.

मघाशी चूल पेटवायला मावशीकडे काडी मागितली. तिनं तीच पेटी पुढे केली. उघडली, तर आत काडी एकही नाही. चिमूटभर भाताचं बियाणं!

"काड्या कालच सरल्या गं," मावशी म्हणाली. "वाजायला कायतरी पायजे ना!"